फळवाल्याची मान

लॉवेल, ३ मार्च १९३८

चि. स्टॅमॅटिस यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद सवयीने लिहिले, मनात राग आहे. रविवारी चर्च सुटल्यावर आपली सगळी ग्रीक गल्ली तुझा चित्रपट बघायला गेली. तू फळवाला होऊन गाडी ढकलत आलास, तोंड उघडलंस आणि बाहेर पडले आपले बाबा! तोच घोगरा आवाज, वाक्याआधीचा तोच खोकला. मग घरमालकाने हाकललं तर तू कमरेत वाकून मान डोलावलीस आणि थिएटर खो-खो हसलं. बेकरीवाला लेफ्टेरिस मला म्हणाला, तुझ्या भावाने म्हातारा बरा विकला. आई मध्येच उठून गेली.

पुढच्या चित्रपटातही तोच फळवाला करणार म्हणतोस. केलास तर बाबांना जाऊन तीन वर्षं होतील त्या दिवशीच्या प्रार्थनेला येऊ नकोस. प्रसादाचे गहू मी एकटी उकडेन.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं.
फोटिनीताई

हॉलिवुड, ११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नमस्कार मीही सवयीनेच केला. अकरा वर्षांत त्रेपन्न चित्रपट केले. वेटर, हमाल, न्हावी, एकदा तर प्रेत. तेव्हा लेफ्टेरिसला मी दिसलो नाही. इथे माझ्या चेहऱ्याला काम मिळतं, नावाला नाही. कान तेवढे माझे. इटालियन, रशियन, जो लहेजा ऐकला तो बोलतो. बाबांचा आवाज काढला आणि पहिल्यांदाच कुणी विचारलं, हा माणूस कोण? आवाज मी चोरला नाही, वारशात मिळालाय. फळवाला करणार म्हणजे करणार! आई का उठली ते आईला विचार, बेकरीत नको.

लोभ उरला असेल तर असू दे.
स्टॅमॅटिस

लॉवेल, १९ मार्च

चि. स्टॅमॅटिस यास, आशीर्वाद.

विचारलं. आवाजाचा तिला राग नाही. अंधारात तो ऐकून तिने हात पुढे केला होता म्हणे. राग मानेचा आहे. गिरणीच्या मुकादमाने बाबांकडे संपवाल्यांची नावं मागितली होती. बाबांनी हनुवटी वर उचलून जिभेने 'च्क' केलं, आपण नाही म्हणतो तसं. बस. नोकरी गेली, म्हणून तर फळांची गाडी आली. मला हे आजच कळलं. आई म्हणते, त्या कार्ट्याला सांग, तुझा बाप कुणापुढे मान डोलावत नव्हता. आवाज घेतलास तर मानही त्याचीच घे, नाहीतर दोन्ही ठेवून दे.

तब्येत सांभाळ.
ताई

हॉलिवुड, २ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल नव्या चित्रपटातला तसाच हाकलण्याचा प्रसंग झाला. घरमालक म्हणाला, गाडी उचल. मी हनुवटी वर केली, च्क. दिग्दर्शक खेकसला, मान खाली घाल, लोक हसायला येतात. मी सांगितलं, हा माणूस असाच आहे. तो म्हणाला, हा माणूस मी बनवलाय. सहा वेळा कॅमेरा फिरला, सहा वेळा हनुवटी वर. सातव्या वेळी माझा एप्रन गिलरॉय नावाच्या आयरिश नटाच्या कमरेला होता. आम्ही दुपारी एकत्र जेवतो. हसवायला म्हणून मीच त्याला बाबांचं बोलणं शिकवलं होतं, खोकल्यासकट. मान खाली घालून एका दमात पास झाला हरामखोर! त्याच्यावर चिडू की स्वतःवर, कळत नाही.

प्रार्थनेला येतोय, तू काहीही म्हण. आणि हा चित्रपट तिकडे लागेल तेव्हा आईला घरातून हलू देऊ नकोस. आवाज बाबांचाच असेल.

तुमचाच,
स्टॅमॅटिस