दार बंद ठेवण्याची तालीम

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. नुसतं लिहून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून खुर्चीवरून उठून, वाकून, पुन्हा बसले.) गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरलं असेल अशी आशा करते. इकडे सगळे बरे आहेत, फक्त आई प्रसिद्ध झाली आहे. तिची हकीकत तिच्याकडून कळण्याआधी खरी काय ती कळवते.

लढाईमुळे सीमेपलीकडून आलेली काही कुटुंबं आमच्या गावच्या शाळेच्या वर्गांत राहतात. त्यांतलं एक शिंप्याचं: नवरा-बायको, दोन मुली आणि एक शिलाई मशीन, चित्रकलेच्या वर्गात. सुट्टी संपत आली, वर्ग रिकामा करायचा, आणि खोली कुणी देईना. गावाने त्यांना समजून घ्यायला हवं, असं वाचनालयाच्या अध्यक्षांना वाटलं (त्यांच्या घरात दोन खोल्या पडून आहेत, पण त्यांना नाटक सुचलं) आणि ते बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आलेल्यांनी आपलेच अनुभव करून दाखवायचे, गावकऱ्यांनी गावकरी व्हायचं. घरमालकीण व्हायला कुणी तयार होईना. आई तयार झाली.

अडचण अशी, की घरमालकिणीचे संवाद आईचेच होते. शिंपीणबाई आपल्याकडे खोली विचारायला आल्या तेव्हा आई दाराच्या फटीतून जे बोलली ("खोली रिकामी नाही, आणि झाली तरी तुम्हाला जमणार नाही, पायऱ्या उंच आहेत") ते मी आतून ऐकून जसंच्या तसं उतरवलं होतं. पदरचा एक शब्द घातला नाही. पहिल्या तालमीला आईने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "इतकी कोडगी बाई असते का कुठे? तुला माणसांचा अनुभव नाही. मामाजवळ घरी बसून शिकलीस ना, त्याचे हे परिणाम."

मग तिने भूमिका सुधारायला घेतली. शिंपीणबाईंनी दार ठोठावलं रे ठोठावलं, की ही उघडायची. "या, बसा, दमला असाल." नाटक तिथेच संपायचं. पुढे तीन प्रवेश होते. त्यांत शिंपी सरकारी साहेब होऊन अर्जदारांना 'उद्या या' म्हणतो (त्याने ते इतकं घोटलं होतं, की चहा मागितला तरी उद्या या म्हणायचा). शेवटी शिंपीणबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "ताई, मावशींना म्हणावं, घरी कसं एका दमात दार लावलंत, तसं लावा." मी आईची मनधरणी केली. ती म्हणाली, "चार लोकांदेखत मी कुणाला हाकलू? लोक काय म्हणतील?"

प्रयोगाला सभागृह भरलेलं. आईने दार उघडलं. टाळ्या पडल्या. त्या तिला चढल्या. "आमची वरची खोली रिकामीच आहे की. खुशाल राहा." शिंपीणबाई नाटक विसरल्या (किंवा नाही विसरल्या, मला अजून ठरवता येत नाही). त्यांनी लोकांकडे तोंड करून स्वच्छ विचारलं, "नाटकातली खोली, की तुमच्या घरातली, मावशी?" मी पडद्याची दोरी धरून उभी होते. ओढली असती तर आई सुटली असती. हात हलेना. आई म्हणाली, "नाटकात कुठली आलीय खोली? पुठ्ठा आहे तो. आमच्या घरातली."

सकाळी हातगाडीवरून मशीन आलं. आई दारात आडवी. "अगं, ते नाटक होतं."

"हो ना," शिंपीणबाई म्हणाल्या, "आणि काम काय सुंदर केलंत. जिना इकडून ना?"

तेवढ्यात शेजारीण खिडकीतून म्हणाली, की काल तुम्ही मला रडवलंत हो. आई बाजूला झाली. आता मशीनच्या खडखडाटाने डोळा लागत नाही म्हणून कुरकुरते, आणि उशांचे अभ्रे तिथेच शिवायला टाकते.

तुमची आज्ञाधारक भाची

ता.क. खोली रिकामी नाही हे आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तिथे तुमचे कायद्याच्या पुस्तकांचे खोके होते. सध्या जिन्याखाली आहेत. कोरडेच आहेत, बहुतेक.

आणखी ता.क. पुढचा प्रयोग तुमच्या गावी ठरला आहे. घरमालकाच्या भूमिकेसाठी मी तुमचं नाव दिलं. पाठांतर फारसं नाही, दार तेवढं बंद ठेवायचं. समोर शिंपीणबाईंचे दीर असतील. ते बायको-मुलांसह तिथल्याच शाळेत दिवस काढताहेत. तुमचा खालचा मजला कसा आहे, असं त्यांनी निरोप पाठवून विचारलं होतं. मी नकाशा काढून पाठवला.