आत्तींच्या खोलीचं दार

४ ऑगस्ट

आत्ती आज पुन्हा कालव्यावर सापडल्या. पहाटेच गेल्या असणार. शेजारच्या मंगलवैनींनी हाताला धरून आणलं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. कुठं निघाला होता विचारलं, तर म्हणाल्या, म्हशी पाजायला. म्हशी विकून किती वर्षं झाली!

पुढच्या दाराला कुलूप घातलं तर परसदारानं जातात; संडास तिकडंच, म्हणून ते बंद ठेवता येत नाही. दिवसा मंगलवैनी लक्ष ठेवतात. भीती पहाटेची.

जयराज कारखान्यावरून आले. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, आईच्या खोलीला दार बसवू. आजवर तिथं नुसता पडदा. दार कशाला, हे मी विचारलं नाही. कळलं.

७ ऑगस्ट

बाळासो सुतार येऊन माप घेऊन गेला. वस्तीवरच्या जुन्या खोलीचं सागवानी दार आणलंय. चौकटीपेक्षा बोटभर रुंद.

त्यानं सहज विचारलं, "कडी आतनं का भायेरनं?"

जयराजांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग बाळासोच हसला. "आदी दार तर बसू द्या वैनी. लग्नाआदी बारसं कशाला?"

८ ऑगस्ट

दिवसभर रंधा. दार कडेवर उभं करून त्यानं दोन पायांत धरलं. माथ्याची कड मारताना मात्र दोन्ही टोकांकडून मधे येत होता — टोकातून बाहेर रंधा गेला तर लाकूड फाटतं म्हणाला. ढलप्या निघत होत्या, पातळ, लाल, गुंडाळलेल्या.

आत्ती समोर बसून त्या पदरात गोळा करत होत्या, चुलीला. मधेच विचारलं, कुणाच्या खोलीचं दार रं? बाळासोचा हात थांबला. देवघराचं हाय आज्जी, म्हणाला. त्या मान हलवून पुन्हा ढलप्या वेचू लागल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आवरली.

९ ऑगस्ट

बिजागऱ्या लावल्या. दार बसलं नाही. बाळासोनं चौकटीला खडू फासला, दार ओढलं, उघडलं. जिथं घासत होतं तिथं पांढरं उठलं. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरं.

खरं लिहायचं तर ते पांढरं बघून मला बरं वाटलं.

त्याचं म्हणणं, लाकूड पावसानं फुगलंय. आत्ता आणखी रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडेल. पण लगेच लागायलाच हवं असेल तर मारतो. जयराज काही बोलायच्या आत मी सांगितलं — नको, दसऱ्यानंतर ये. त्यानं अवजारं गोळा केली.

तो गेल्यावर जयराज एवढंच म्हणाले, "दार नीट बसावं म्हणून थांबायचंय तुला, का बसूच नये म्हणून?"



११ ऑगस्ट

दार अर्धं उघडं. येता-जाता खांदा लागतो.

१४ ऑगस्ट

आत्ती कालव्यात उतरल्या. कंबरभर पाण्यात उभ्या होत्या, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं बघितलं म्हणून! अंग बर्फासारखं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. त्या झोपल्यात. छातीतून घरघर ऐकू येते.

 जयराज मला बोलले असते तर बरं झालं असतं.

बाळासोला मीच फोन केला.

१६ ऑगस्ट

आत्तींना आज ताप नाही. पेज प्यायल्या.

बाळासोनं दार उतरवून कडीच्या बाजूला रंधा मारला. कड आतल्या अंगाला जराशी तिरकी ठेवली, म्हणजे लागताना अडत नाही. मग फटीत रुपयाचं नाणं वरून खाली फिरवलं. कुठं अटकलं नाही. आता दार बोटानं ढकललं तरी लागतं. आवाजसुद्धा नाही.

उन्हाळ्यात फट पडली तर मला बोलू नका वैनी, म्हणाला. पडू दे म्हटलं.

कडीचं त्यानं या वेळी विचारलं नाही. बाहेरून ठोकली. तेवढा वेळ जयराज परसात जाऊन उभे राहिले.

जेवणं झाल्यावर दार लोटलं, कडी तशीच सोडली. दाराबाहेरच अंथरूण घातलं. कडी घालणं जयराजांच्याही हातून होईना, माझ्याही. जयराज म्हणाले, आळीपाळीनं जागू. 

१७ ऑगस्ट

दार लोटून अंथरूण घालत होते. आतून हाक आली — "संयोगिता." कित्येक महिन्यांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. मला वाटलं पाणी हवंय.

"कडी घाल. आत्ता मला समदं कळतंय तवर सांगते. पहाटं मी दार वाजवीन, शिव्या घालीन. उघडू नगंस."

मी घातली.