पत्रकाच्या तळाशी

६ मार्च
मामांचं पत्रक छपाईसाठी लावून झालं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. तीस वर्षांपूर्वी संन्यास घेतला, तरी माझे मामाच! मठात दर रविवारी बोलतात, त्यातलं निवडक मी आमच्या छापखान्यात एका पानावर बसवतो. या वेळी फर्मास आहे — "प्रार्थनेला माईक कशाला? देव बहिरा नाही. शेजारी मात्र झाले!" आणि सभागृहाबद्दल — "शपथ उभ्याने घेतात, बसले की विसरतात. खुर्च्याच काढून टाका!"

तळाशी दोन ओळींची जागा उरली. मामा परगावी. मग मीच ठोकून दिलं — "नगराध्यक्षांचे फोटो देवापेक्षा जास्त झालेत. फरक एवढाच, देवाकडे तक्रार करता येते." वर मामांचं नाव होतंच. छापताना एकटाच हसलो.

९ मार्च
ज्याच्या त्याच्या फोनवर तेच वाक्य! चहावाला म्हणाला, "तुमचे मामा म्हणजे तोफ." सुखावलो. खोटं कशाला लिहू?

१० मार्च
दुपारी दोघं छापखान्यात आले. साध्या कपड्यांत. "हे कुणी छापलं?" मालक म्हणाले, "काम मठाचं, मजकूर त्यांचा." बोलताना मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही — त्याचीच जास्त भीती वाटली. एकाने पत्रकाची नीट घडी घातली, खिशात ठेवली.

११ मार्च
बेल वाजली. हातातलं ताट पडलं. शेजारीण होती, कात्री मागायला आलेली.

१२ मार्च
मामा परतले. जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं. "चांगलं आहे रे. जरा लांबलंय." मग म्हणाले, "पण मी खोटं बोलणार नाही हं. विचारलं तर सांगेन, माझं नाही."
"मामा, मग विचारतील, कुणाचं!"
"विचारू देत. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं व्रत मी घेतलेलं नाही."

१४ मार्च
मामांना चौकशीला नेलं. मठातला स्वयंपाकी सोबत होता, त्याने सांगितलं. "वाक्य तुमचं?" — "नाही." "मग कुणाचं?" — "माहीत आहे. सांगणार नाही." अधिकारी चिडला, "संन्यासी माणूस, राजकारणात कशाला पडता?" मामा म्हणाले, "मी कुठे पडलो? तुम्हीच उचलून आणलंत!" शिपाईसुद्धा हसले. अधिकारी नाही हसला. मामांना ठेवून घेतलं.

१५ मार्च
मामांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला निघालो. पोलीस चौकीच्या फाटकापर्यंत गेलो. गोळ्या तिथे थांबलेल्या स्वयंपाक्याच्या हाती दिल्या आणि पळालो. पळालोच!

१६ मार्च
मामांना ताप आहे. झोपू देत नाहीत म्हणे, सारखं तेच विचारतात. मालकांनी ओळखलंच होतं. म्हणाले, "तू गप्प बस. चार दिवसांत विसरतील सगळे." — आणि मला हायसं वाटलं. हायसं!

१७ मार्च
सकाळी हिला सांगितलं. आधी रडली. मग माझा शर्ट इस्त्री करून दिला. वही सोबत चौकीवर नेतोय — सहा तारखेचं पान त्यांना दाखवायला.