बरणीला हिंगाची धुरी

रुवैस, शुक्रवार, १२ मार्च १९९९

उद्या द्राक्षाचा रस भरायचा म्हणून वाईनची मोठी बरणी काल ब्लीचच्या पाण्याने धुऊन, विसळून पालथी घातली होती. आज हुंगली तर हिंगाचा भपकारा. सुट्टीला इकडे आखातात आलेल्या आईने लोणच्याच्या बरणीला देतात तशी धुरी दिलेली. तिला मीच बरणी सरबताची म्हणून सांगितलेलं, मग रागवायचं तरी कसं? घासघास घासली, हिंग जाईना.

आई शांतपणे म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांच्या जांभळाच्या वाईनलाही मीच धुरी द्यायचे. कधी बिघडली नाही."

बाबा? वाईन? त्यांच्या कपाटाला यायचा तो हिंगाचा वास मी इतकी वर्षं पोटदुखीच्या औषधाचा समजत होतो.

खलास. घासणं बंद. रस ह्याच बरणीत.