फुगलेलं प्लायवूड

खंडेनवमी, औराद

भंगारातून आणलेल्या कॅरॅव्हॅनच्या आतल्या भिंतींचं कुजलेलं प्लायवूड काढून मी महिनाभर नवं बसवत होते. उद्या दसऱ्याला त्यात गावच्या मुलींची वाचनखोली सुरू व्हायची होती. संध्याकाळी बाजारातून आले, तर अप्पांनी पूजेसाठी गाडी धुतलेली. पाइप लावून, आतूनसुद्धा! प्लायवूड फुगलंय, थर सुटलेत.

"अप्पा, आतून कामून धुतलात?"

"पोरीची गाडी पारोशी पुजायची व्हय? बघ, कशी चमकायलीय!"

त्या फुगलेल्या प्लायवूडवर त्यांनी विभूतीचे पट्टेही ओढले होते. रागवू तरी कशी? पण सगळं पुन्हा करायचं बळ नाही माझ्यात. खरंच नाही. मुलींना काय सांगू?

"नारळ तूच फोड. घरात पदवीवाली तूच हायस."

फोडला. त्याचं पाणीही अप्पांनी भिंतींवर शिंपडलं.