आठ पॅनेल आणि रांगेतला सतरावा नंबर

मी, खाली सही करणारा, वय एकोणतीस, धंदा लोकांच्या छतांवर सोलर पॅनेल बसवणे, शिक्षण नववी (नापास नव्हतो, सोडली), आज सकाळी दहा वाजता, चहा घेऊन, डोके ताळ्यावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कमरेखाली मला काही जाणवत नाही. पण लिहायला ते लागत नाही. परवा गुरुवारी माझ्या मणक्याचे ऑपरेशन आहे. धोका किती, हे मी डॉक्टरांना तीन वेळा विचारले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "काही लिहून ठेवायचं असेल तर ठेवा." मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आई म्हणते, असले कागद घरात आणू नयेत.

१. घर. आमचा वरचा मजला वडिलांच्या मागे आई, ताई आणि मी अशा तिघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा आईला, आणि आईच्या मागे ताईला. बँकेत जे निघेल ते आईच्या औषधांसाठी.

२. हत्यारे. ड्रिल, पाने, वायर सोलायची पक्कड आणि कमरेचा सुरक्षा पट्टा माझ्या जोडीदाराला, ज्याला सगळे उंट म्हणतात. अट एकच, पट्टा खुंटीला टांगून ठेवायचा नाही, बांधायचा. तो म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" त्याने हे लक्षात ठेवावे की एकसष्ट छतांवर पट्टा बांधून मला काही झाले नाही. मी पडलो तो घरच्या जिन्यावर, जिथे कोणी पट्टा बांधत नाही.

३. पॅनेल. हे सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी विचारील की असल्या बंद वस्तू कशाला वाटल्या.

आईने बावीस वर्षे गाद्या भरायच्या कारखान्यात कापूस पिंजला. तो कापूस तिच्या छातीत बसला. तिला आता दिवसरात्र हवेतून ऑक्सिजन काढून देणारे मशीन लागते. मशीन विजेवर चालते आणि आमच्याकडे वीज रोज जाते. म्हणून मी आमच्या छतावर आठ पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली. वीज गेली तरी मशीन चालेल, एवढाच हिशेब होता. पण घरात घेतलेली आणि घरातून दिलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणारे मीटर वीज कार्यालयाने लावल्याशिवाय हे काही सुरू करता येत नाही. कार्यालयाचा वायरमन येऊन सगळे तपासून गेला, काम चोख आहे असे लिहून गेला, आणि मुख्य स्विचला शिशाचे सील लावून गेला. मीटर आले की काढू, म्हणाला. त्याला पंधरा महिने झाले. मीटरच येत नाहीत. रांगेत माझा नंबर दोनशे चाळीस होता, तो सतरावर आला आणि चार महिने तिथेच बसला आहे.

मागच्या महिन्यात एकोणीस तारखेला सकाळी अकरा चाळीसला वीज गेली. छतावर ऊन असे की पॅनेलच्या चौकटीला हात लावता येत नव्हता. आईला धाप लागली. ऑक्सिजनचा जादाचा सिलिंडर जड म्हणून खाली तळमजल्यावर काकांकडे ठेवलेला. मी स्विचपुढे पक्कड घेऊन उभा होतो. सील तोडले तर अर्ज रद्द, माझा परवाना रद्द, आणि परवाना गेला की आमची चूल कशावर पेटणार, हे सगळे माझ्या मनात क्रमाने आले. मी तसाच आहे, मला क्रमाने येते.

आई म्हणाली, "तोड ना रे. सगळं तुझ्याच हातचं आहे."

मी म्हणालो, "सगळं आहे. सील नाही."

मग मी सिलिंडर आणायला खाली धावलो आणि तो खांद्यावर घेऊन चढताना नवव्या पायरीवरून मागे गेलो. सिलिंडर काकांनी वर नेला. आई वाचली. मी बरोबर केले की चूक, हे मला रोज वेगळे वाटते.

ही आठ पॅनेल, बॅटरीसकट, मी ताईला देतो. तिने ती आठवड्यातून एकदा पुसावीत. बंद आहेत म्हणून धूळ बसू देऊ नये.

४. काका. छत सामाईक, म्हणून त्यांचा ना-हरकत कागद लागत होता. तो त्यांनी सात महिने दिला नाही. पॅनेल वीज ओढून घेतात आणि ती आधी तळमजल्यावर पडते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. "जगाच्या छपरावर ऊन पेरतोस आणि घरात मेणबत्ती," हेही तेच म्हणायचे. ते सात महिने वाया गेले नसते तर मीटर मिळत होते तेव्हा मिळाले असते. सिलिंडर त्यांनी वर नेला म्हणून सहा महिन्यांचा राग मी सोडतो. एका महिन्याचा ठेवतो.

५. नंबर. ताई सोमवारी कार्यालयात गेली होती. मला काही झाले तर अर्जाचे काय, हे तिने खिडकीवरच्या कारकुनाला विचारले. माणूस वाईट नाही, त्याने तिला बसायला स्टूल दिले. म्हणाला, अर्ज माणसाच्या नावाचा असतो, माणूस गेला की अर्ज गेला, वारसाने नवा भरायचा.

ताई म्हणाली, "आणि नंबर?"

"नवाच की हो. आज भरलात तर पाचशे तीसच्या आसपास."

आत्ताच आईच्या नावावर करून घेतला तर? तोही नवाच धरतात. ताई उठली तेव्हा तो म्हणाला, "भावाला म्हणावं, जपा तब्येतीला. सतरा म्हणजे आलाच आहे."

माझा सतरावा नंबर मी ताईला देतो. माझे साक्षीदार मास्तर म्हणतात की रांगेतली जागा ही मिळकत होत नाही, ती देता येत नाही. तरी देतो. माझ्याकडे त्याहून मोलाचे काही नाही.

याखालच्या दोन ओळी मी खोडल्या असून समासात सही केली आहे. मीटर लागेपर्यंत माझ्या जाण्याची बातमी कार्यालयाला कळू देऊ नये, असे त्यांत होते. मास्तर म्हणाले, "तुझ्या खोट्यात ताई अडकेल." ते खरे आहे.

६. नियम करणाऱ्यांना. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही, मागायला आहे. मी बसवलेल्या एकसष्ट छतांखाली काय चालते ते येऊन पाहावे. शिवणकामाच्या बाई आता वीज येण्याची वाट पाहत बसत नाहीत, त्यांची चारही मशीन दिवसभर चालतात. दवाखान्यातल्या लशींचा फ्रिज बंद पडत नाही. शाळेत दुपारच्या वर्गात पंखे फिरतात. तेव्हा मीटर तीन आठवड्यांत मिळत असे. वीज कोणाची हिसकावली नाही, उरली ती शेजाऱ्यांच्याच तारांत गेली. म्हणून मीटर लावायला मुदत ठरवा, आणि ती टळली तर घरच्यापुरते सुरू करू द्या. ज्या घरात श्वास विजेवर आहे ते घर आधी घ्या. आणि अर्ज माणसाचा नसावा, छताचा असावा. माणूस पडतो. छत आहे तिथेच आहे.

हे कोणाकडे पाठवायचे, मला माहीत नाही. ताईने एक प्रत खिडकीवर द्यावी आणि पोच घ्यावी.

७. मी वाचलो तर हे रद्द समजावे. पाय परत आले नाहीत तरी मी हयातच धरला जाईन आणि नंबर सतराच राहील, हे कारकुनाला विचारून घेतले आहे.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, म्हणून ताई आणि आई खोलीबाहेर आहेत. आईचे मशीन भिंतीपलीकडे चालू आहे. मी वाचून पाहिले, चुका दुरुस्त केल्या, आणि दोघांच्या समोर सही करतो.

स्थळ : राहते घर, वरचा मजला, मागची खोली
दिनांक : १४ मे, मंगळवार
(सही)

साक्षीदार १ : मास्तर, निवृत्त. लिहिणारा शुद्धीवर असून त्याने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २ : वीज कार्यालयाचा वायरमन. माझेही म्हणणे वरीलप्रमाणेच. कलम तीनमधले सील माझ्या हातचे आहे. ते काढायचा अधिकार मला नाही. सही करायचा आहे, म्हणून केली. (सही)