एक्झिक्युटरच्या रकान्यात

बाई, तुम्ही ते विचारलं तेव्हा वांग्याच्या भाजीला फोडणी देत होतात, त्यामुळे आधी मला वाटलं तुम्ही मीठ मागताय. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. साकोलीच्या शाळेत मी तुमच्याच हाताखाली शिकले, तुमच्याच हाताखाली मास्तरीण झाले. रविवारचं जेवण तुमच्याकडे ठरलेलं. मागे न वळता तुम्ही म्हणालात, "मृत्युपत्र करून ठेवावं म्हनतो. एक्झिक्युटर म्हनून तुह्यं नाव टाकू का? माह्या मागं वाटून द्याचं, बस. पुस्तकं शाळेले, शिवनाची मशीन मावशीले." मावशी तुमच्याकडे धुणंभांडी करायची आणि दुपारी त्याच मशीनवर चार ब्लाऊज शिवायची. मी म्हटलं, "असं अभद्र काहून बोलता बाई? तुमी तं शंभर वर्षं जगता." तुम्ही हसलात, मला वाढलंत. विषय पुन्हा काढला नाहीत, मृत्युपत्रही केलं नाहीत.

खरं सांगू? अभद्राची भीती मला मुळीच वाटली नव्हती. बिनलग्नाच्या बाईनं बिनलग्नाच्या बाईचे कागद सांभाळायचे, हे चित्रच मला नको होतं.

तुम्ही गेल्यावर पुतण्या टेम्पो घेऊन आला. मशीन सगळ्यात आधी चढली. मावशी फाटकाशी उभी होती, तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं. माणूस वाईट नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं. मी पदर सावरला आणि घरी आले. पुस्तकं रद्दीवाल्यानं नेली.

आता माझं दोन खोल्यांचं घर आहे आणि ते गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींच्या राहण्यासाठी द्यायचं मनात आहे. वकील म्हणतात, एक्झिक्युटर सांगा, तुमच्याहून लहान, खात्रीचा. जन्मभर भरलेले वर्ग सांभाळले आणि एक नाव सुचेना! शेजारणीला विचारलं तर ती घाबरलीच. "मॅडम, असं काय बोलून राहिल्या? तब्येत तं बरी हाय ना?" संध्याकाळी तिनं वाटीभर खीर पाठवली. ती खाताना मला इतकं एकटं वाटलं की वाटी तशीच झाकून ठेवली.

मग बसनं दिघोरीला गेले. मावशीची मुलगी तिथे अंगणवाडीत आहे, माझीच विद्यार्थिनी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "ठेवा माह्यं नाव. कागद कुठी ठेवता तेवढं सांगून ठेवजा." एवढं सोपं असतं ते, बाई. एवढंच तुम्हाला हवं होतं.

चहा झाल्यावर तिनं सहज विचारलं, "मॅडम, माही माय मरेपर्यंत म्हनत होती, बाईनं मशीन मले द्याले सांगतली होती. लोकं तिले खोटी म्हनत. तुमाले काही माहीत हाय का?"

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. मी म्हटलं, "नाई पोरी, मले नाई माहीत."

तिनं मान हलवली आणि बस येईपर्यंत माझी पिशवी धरून माझ्यासोबत उभी राहिली.